‘गेमिंग’ नावाची सोनुबाई

दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाशी गेलेला असतो, तोवर इथे ब्लॅक फ्रायडेची पत्रकं दाराच्या फटीतून आत पडायला लागतात. गेल्या वर्षी आमच्या ड्रोहेड्याच्या घरात अशाच एका पत्रकावर मुलाने लाल पेनने गोल केला. काळा लॅपटॉप, कीबोर्डखालून इंद्रधनुष्यासारखा उजेड, वर मोठ्या अक्षरांत ‘गेमिंग’ आणि खाली ६९९ युरो. आजी-आजोबांनी दिलेले, वाढदिवसाच्या पाकिटांतले आणि शेजारच्यांचा कुत्रा फिरवून मिळालेले असे मिळून त्याच्याकडे साडेचारशे युरो जमले होते. उरलेले आईबाबांनी घालायचे, असा प्रस्ताव होता.

‘खेळायला कशाला हवाय लॅपटॉप?’ असं म्हणून मला मोकळं होता आलं असतं. पण आमच्या घरी शनिवारची दुपार सांगलीच्या नावाने राखून ठेवलेली असते. तिकडे माझा भाचा रात्रीचं जेवण उरकून बसतो, इकडे आमचा हेडफोन चढवतो, आणि दोघं माइनक्राफ्टमध्ये वाडे बांधतात. ‘अरे माघारी फिर! मागं आलाय बघ!’ आठवडाभर माझ्या मराठी प्रश्नांना इंग्रजीतून उत्तरं देणारा मुलगा त्या दोन तासांत अस्सल सांगलीचं बोलतो. ‘च्यायला’ नेमकं कुठे बसतं, हे मी शिक्षिका असूनही त्याला शिकवलेलं नाही. ते त्याने मामेभावाकडून उचललंय. ही शनिवारची बैठक त्याच्या जुन्या टॅबवर अडखळत चालली होती. त्यामुळे यंत्र हवं होतं, हे मला मान्य होतं. ६९९चं ते यंत्र हवं का, एवढाच प्रश्न होता.

संगणक हा माझा विषय नव्हे. मी अर्थशास्त्रात एम.ए. केलं आणि सांगलीत सहा वर्षं शाळेत शिकवलं. पण जाहिरात ही एक उत्तरपत्रिकाच असते. काय लिहिलंय यापेक्षा काय गाळलंय, ते आधी बघायचं.

पहिली गोष्ट, ‘गेमिंग’ या शब्दाला काही मोजमाप नाही. युरोपात भाजीवर ‘सेंद्रिय’ लिहायचं तर त्याला नियम आहेत, तपासणी आहे. लॅपटॉपवर ‘गेमिंग’ कुणीही लिहावं. साधारण अर्थ इतकाच, की आत चित्रं काढण्यासाठी वेगळी ग्राफिक्स चिप बसवली आहे. ती चिप, तिला थंड ठेवणारे पंखे आणि तिला पुरेल एवढा विटेसारखा चार्जर, सगळं ६९९मध्ये बसवायचं म्हणजे दुसरीकडे कुठेतरी काटकसर आलीच. ती कुठे केलीय, हे शोधणं म्हणजेच स्वस्त गेमिंग लॅपटॉपची परीक्षा.

आमच्या पत्रकातल्या यंत्रात ‘आरटीएक्स २०५०’ ही चिप होती. तिची स्वतःची मेमरी ४ जीबी. तिची थोरली बहीण आरटीएक्स ३०५०. तिच्यात मेमरीकडे जाणारी वाट १२८ बिटची असते, हिच्यात ६४ची, म्हणजे निम्मी. चिपची मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. ओटा लहान असला की दर दोन मिनिटांनी डबे फडताळात ठेवा, पुन्हा काढा, फोडणी करपणारच. नव्या मोठ्या खेळांना ४ जीबीचा ओटा पुरत नाही. या कामासाठी आज लॅपटॉप घ्यायचाच असेल, तर ६ जीबीच्या खाली जाऊ नये आणि जमलं तर ८ बघावं, असं माझं मत झालं आहे.

दुसरी गंमत वॉटची. आरटीएक्स ४०५० ही एकच चिप, पण लॅपटॉप बनवणारा तिला ३५पासून ११५ वॉटपर्यंत कितीही वीज देऊ शकतो. नाव तेच, शेगडी तीच. एकीकडे मंद आच, दुसरीकडे मोठी. पत्रकात हा आकडा बहुधा नसतोच. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या तपशिलात शोधावा लागतो, आणि सापडला नाही तर मी तरी तो कमीच आहे असं धरते.

प्रोसेसरच्या नावातही मेख असते. एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा बाजारात आणल्याचं वर्ष सांगतो, पण आतली रचना किती जुनी ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. रायझन ५ ७५२०यू नवा वाटतो, पण तिसरा आकडा २, म्हणजे आत झेन २, २०१९ साली आलेली रचना. हे कळल्यावर आमचे चिरंजीव दुकानात प्रत्येक खोक्यावरचा तिसरा आकडा वाचत फिरत होते.

पडद्याचं तर विचारूच नका. ‘१४४ हर्ट्झ’ म्हणजे पडदा सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकतो. चिप चाळीसच काढत असेल, तर उरलेली कुठून येणार? आणि बारीक अक्षरांत ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं की समजावं, रंग फिके असणार. खेळ राहू द्या, त्यावर आजीचा व्हिडिओ कॉलसुद्धा आजारी दिसतो.

मग मी मुलाला गृहपाठ दिला. पुढच्या वर्षभरात खरोखर कोणते खेळ खेळणार, ते लिही. प्रत्येक खेळ बनवणाऱ्यांनी दिलेली ‘किमान’ आणि ‘शिफारस’ अशी दोन्ही मोजमापं समोर लिही. यादीत तीनच नावं आली: माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, फोर्टनाइट. पहिले दोन साध्या लॅपटॉपमधल्या, प्रोसेसरबरोबर येणाऱ्या ग्राफिक्सवर चालतात. तिसराही सेटिंग खाली आणली की चालतो. माइनक्राफ्टला झगमगीत प्रकाश-सावल्या हव्या असतील, तर मात्र चांगली चिप लागते. सांगलीचा भाचा फोनवर खेळतो. फोनवरची बेडरॉक आवृत्ती विंडोजवरही मिळते आणि दोघं एकाच जगात खेळू शकतात. म्हणजे वाडा बांधायला इंद्रधनुष्याची गरज नव्हती.

आम्ही शेवटी ५४९चा साधा लॅपटॉप घेतला. अट एकच ठेवली: १६ जीबी रॅम, आणि तीही दोन पट्ट्यांत. वेगळी चिप नसते तेव्हा ग्राफिक्स याच रॅममधून उसनी मेमरी घेतं. दोन पट्ट्या असल्या की त्याला दुप्पट रुंद वाट मिळते. वजन कमी, बॅटरी शाळेच्या दिवसाला पुरते. चिरंजीव दोन दिवस फुरंगटले होते, शनिवारी विसरले.

पण म्हणून स्वस्त गेमिंग लॅपटॉप सगळ्यांसाठीच वाईट, असं मी म्हणणार नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंची मुलगी डब्लिनला आर्किटेक्चर शिकते. थ्रीडी चित्रं तयार करायला तीच ग्राफिक्स चिप लागते, आणि त्याच ताकदीचा ‘व्यावसायिक’ लॅपटॉप पुष्कळ महाग. तिने मागच्या वर्षीचं मॉडेल उतरत्या भावात घेतलं: ६ जीबीची चिप, १६ जीबी रॅम. चार्जर घेऊन ट्रेनने जाताना खांदा दुखतो आणि वाचनालयात पंखा सुरू झाला की लोक वळून बघतात, ही तिची तक्रार. पण तिचं काम होतं. तिच्यासाठी तो सौदा खराच.

नूतनीकरण केलेला ऑफिसचा जुना लॅपटॉप हाही चांगला पर्याय आहे. फक्त तो विंडोज ११ घेतो ना, ते बघा. इंटेल असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १०च्या नियमित मोफत अपडेटची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५ होती, त्यामुळे असे जुने लॅपटॉप फार स्वस्तात दिसले तर सावध राहा.

‘भारतातून आणू का?’ हा प्रश्न दर सुट्टीत येतोच. आणा, पण विमानाने युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्याच वस्तू करमुक्त आणता येतात. शिवाय वॉरंटी इथे चालते का, ते लेखी विचारून घ्या. नाहीतर बिजागरी तुटल्यावर मामाच्या पुढच्या सहलीची वाट बघत बसावं लागेल.

इथे घेण्याचा फायदा कायद्याचा आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. दुकानात जाऊन घेतली तर नुसतं मन बदललं म्हणून तो हक्क मिळत नाही. ग्राहक हक्क कायदा, २०२२ प्रमाणे पहिल्या वर्षात दोष निघाला, तर तो मुळातच होता असं धरलं जातं आणि नव्हता हे विक्रेत्याला दाखवावं लागतं. ‘कंपनीशी बोला’ म्हणून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. तरीही ऐकलं नाही, तर २,००० युरोपर्यंतच्या दाव्यासाठी २५ युरो भरून स्मॉल क्लेम्सकडे जाता येतं.

म्हणून घेतलाच, तर त्या १४ दिवसांत एक संध्याकाळ काढा. मुलाचा सगळ्यात जड खेळ चार्जर लावून तासभर चालवा. पहिल्या दहा मिनिटांतला वेग आणि शेवटच्या दहा मिनिटांतला वेग सारखाच आहे का, हे त्यालाच विचारा. यंत्र तापलं की चिप आपणहून हळू होते. कीबोर्डच्या मधोमध हात ठेवून बघा. मग चार्जर काढून तोच खेळ चालवा आणि बॅटरी किती मिनिटं टिकते ते लिहून ठेवा. आणि तोपर्यंत तो खोका रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकू नका. आमच्याकडे नवऱ्याने तो दुसऱ्याच दिवशी फाडायला घेतला होता.