एकाच घरातली दोन मते

रोजच्या जगण्याशी निगडित प्रश्नांवर स्त्रियांची आणि पुरुषांची मते परस्परांपासून बरीच दूर असणार, असे सामान्यतः धरून चालले जाते. परंतु भारतातील मोठ्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष तपासले असता, जिथे हे अंतर सर्वाधिक असावे अशी अपेक्षा असते नेमके तिथेच ते अत्यल्प आढळते.

याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सापडते. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या त्याच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील सात लाखांहून अधिक स्त्रियांच्या आणि १५ ते ५४ वयोगटातील एक लाखाहून अधिक पुरुषांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. पतीने पत्नीला मारणे योग्य ठरते का, हा प्रश्न त्यांना सात प्रसंग एकेक करून सांगून विचारला गेला: न सांगता बाहेर जाणे, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष करणे, पतीशी वाद घालणे, शरीरसंबंधास नकार देणे, स्वयंपाक नीट न करणे, चारित्र्याविषयी पतीला संशय येणे आणि सासूसासऱ्यांचा मान न राखणे. यांपैकी निदान एका कारणासाठी मारणे योग्य मानणाऱ्या स्त्रिया ४५ टक्के होत्या आणि पुरुष ४४ टक्के. सासूसासऱ्यांचा मान न राखणे हे कारण दोघांनीही सर्वाधिक मान्य केले.

आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या फेरीत हेच प्रमाण स्त्रियांमध्ये ५२ टक्के आणि पुरुषांमध्ये ४२ टक्के होते. म्हणजे मधल्या काळात स्त्रियांची संमती सात टक्क्यांनी घटली, पुरुषांची मात्र घटली नाही, उलट किंचित वाढली. आणि तरीही स्त्रियाच स्त्रियांच्या शत्रू असतात असा सोपा निष्कर्ष अशा आकड्यांवरून काढला जातो, जो अन्यायकारक आहे. मार खाण्याची शक्यता जिच्या वाट्याला आहे आणि ज्याचा हात उठू शकतो, त्या दोघांचे ‘होय’ टक्केवारीत सारखे मोजले गेले तरी त्यांचे वजन सारखे नसते. ज्या स्त्रीला माहेरी परतण्याची वाट बंद आहे, तिला कोणती चूक टाळली म्हणजे मार चुकेल हे ठाऊक असणे भाग असते, आणि तिच्या उत्तरात स्वतःच्या मताइतकीच ही जाणीवही उतरलेली असू शकते. बांगलादेशातील खेड्यांत याच धर्तीच्या प्रश्नांवर स्त्रियांशी सविस्तर बोलून जे अभ्यास झाले, त्यांत असे आढळले की काही स्त्रिया स्वतःचे मत सांगतात, तर काही गावात काय मानले जाते ते सांगतात.

उत्तर कोणासमोर दिले जाते यालाही महत्त्व आहे. या सर्वेक्षणात स्त्रियांशी स्त्री मुलाखतकार बोलते, आणि प्रत्यक्ष भोगलेल्या हिंसेविषयीचे प्रश्न घरातील एकाच निवडलेल्या स्त्रीला, तेही एकांत मिळाला तरच, विचारण्याचा नियम आहे. दाराशी सासू किंवा दीर उभा असेल तर ते प्रश्न वगळावे लागतात. हे मौन मुलाखतीपुरतेच नसते: शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाची तरी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के निघाल्या.

अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०१९-२० मध्ये सुमारे ३०,००० भारतीय प्रौढांचे जे सर्वेक्षण केले, त्यातही पत्नीने पतीची आज्ञा नेहमी पाळावी हे विधान पुरुषांपैकी ६७ टक्क्यांना आणि स्त्रियांपैकी ६१ टक्क्यांना पूर्णपणे मान्य होते. अंतर पुन्हा तुटपुंजेच. मताऐवजी वेळ मोजला की मात्र चित्र पालटते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये घेतलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात, म्हणजे माणसाच्या दिवसाचे चोवीस तास कशात गेले याची नोंद घेणाऱ्या पाहणीत, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के आणि पुरुषांपैकी २६ टक्के व्यक्ती घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करताना आढळल्या. जे ते करतात केवळ त्यांचाच हिशेब घेतला तरी त्यात स्त्रियांची दररोज सरासरी २९९ मिनिटे जात होती आणि पुरुषांची ९७.