विमानाच्या स्टिकची मूठ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरी बांधलेल्या छोट्या विमानात कंट्रोल स्टिकच्या टोकावरची मूठ, म्हणजे ग्रिप, वैमानिकाच्या हातात जवळजवळ सगळा वेळ असते. स्टिक पुढे-मागे केली की एलिव्हेटर हलतो आणि विमानाचे नाक खाली-वर होते. डावी-उजवीकडे केली की एलेरॉन हलतात आणि विमान कलते. मुठीवरच्या बटणांचा या हालचालींशी थेट संबंध नसतो. रेडिओ, ट्रिम (स्टिकवर सतत द्यावा लागणारा जोर हलका करणारी सोय), ऑटोपायलट अशी विजेची कामे ती करतात. मूठ निवडताना होणारा बराचसा गोंधळ हा फरक नजरेआड झाल्याने होतो.

टेक्सासमधल्या प्लेनोसारख्या उपनगरात असे विमान घराच्या गॅरेजात आकार घेऊ शकते. पंख जोडायची वेळ आली की ते मॅकिनीजवळच्या एरो कंट्रीसारख्या छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये हलवता येते. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हन यांनी स्थापन केलेल्या ऑरेगनमधील व्हॅन्स एअरक्राफ्टचे आरव्ही मालिकेतले संच अशा बांधणाऱ्यांमध्ये विशेष लोकप्रिय आहेत. या विमानांच्या स्टिकवर वेगवेगळ्या उत्पादकांच्या मुठी बसतात, आणि पर्याय आले की समजुतीही येतात.

पहिली समजूत अशी की मूठ सरकारमान्य असलीच पाहिजे. कारखान्यात बनलेल्या प्रमाणित सेस्नासाठी हे बरोबर आहे. हौशी बांधणीच्या विमानाला मात्र अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था एफएए प्रायोगिक वर्गाचे प्रमाणपत्र देते. बांधणीचा मोठा भाग, रूढ भाषेत ५१ टक्के, हौसेने किंवा शिकण्यासाठी स्वतः केलेला असावा, ही त्याची मुख्य अट. मुठीसाठी वेगळी मान्यता लागत नाही. म्हणून जबाबदारी कमी होत नाही; ती बांधणाऱ्याकडे येते. भारतात हा मार्ग किती खडतर असू शकतो हे अमोल यादव यांच्या उदाहरणावरून कळते. त्यांनी कांदिवलीतील चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात मांडले गेले, आणि नोंदणी मात्र २०१७ मध्ये झाली.

दुसरी समजूत जास्त फसवी आहे: उजव्या हाताच्या माणसाला उजव्या हाताची मूठ. बोटांच्या वळणांनुसार घडवलेल्या मुठी डाव्या आणि उजव्या हातासाठी वेगळ्या असतात. निवड मात्र लिहायच्या हातावर नसून थ्रॉटल कुठे आहे त्यावर ठरते. आरव्ही-७ मध्ये दोन आसने शेजारी-शेजारी आणि थ्रॉटल पॅनेलच्या मधोमध. डावीकडे बसलेल्या वैमानिकाचा उजवा हात थ्रॉटलवर जातो आणि स्टिक डाव्या हातात येते. आरव्ही-८ मध्ये आसने एकामागे एक, थ्रॉटल डाव्या बाजूला. तिथे स्टिक उजव्या हातात. घाईने मागवलेली उजव्या हाताची सुबक मूठ आरव्ही-७ च्या डाव्या आसनासमोर बसवली की अंगठा बटणांपर्यंत नीट पोहोचत नाही. दोन्ही हातांना चालणारी सरळ, साधी मूठ अशा वेळी अधिक शहाणपणाची.

लढाऊ विमानाची मूठ सर्वोत्तम, असेही अनेकांना वाटते. एफ-१६ अनेक दशके प्लेनोपासून फार लांब नसलेल्या फोर्ट वर्थला तयार होत असे, त्यामुळे त्या परिसरात हे आकर्षण स्वाभाविक आहे. पण त्या विमानाची स्टिक उजव्या बाजूला असते, जेमतेम हलते आणि हाताचा दाब मोजून संगणकाला कळवते. आरव्हीची स्टिक दोन गुडघ्यांमध्ये असते आणि मोठ्या कक्षेत फिरते. उंच, रुंद मूठ मागे ओढताना पोटाला, बाजूला नेताना मांडीला किंवा पुढे ढकलताना पॅनेलला अडली, तर कंट्रोलची पूर्ण हालचालच मिळत नाही. आसनावर बसून, पट्टे बांधून, स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन पाहिल्याशिवाय उंची ठरवू नये. अडते म्हणून नळी कापली तर तरफ आखूड होते: तेवढ्याच परिणामासाठी जोर जास्त लागतो आणि हाताची थोडी हालचालही मोठी ठरते. मुठीचे वजनही पाहावे लागते. मागे झुकलेल्या स्टिकच्या टोकाला जड मूठ असेल, तर जोराच्या वळणात गुरुत्वाचा भार (जी-फोर्स) वाढताच ती मूठच स्टिकला आणखी मागे ओढू लागते. हलक्या मुठीत हा परिणाम किरकोळ राहतो.

बटणे जितकी जास्त तितके चांगले, ही समजूत सर्वांत महागात पडते. डॅलस-फोर्ट वर्थच्या गजबजलेल्या हवाई क्षेत्राजवळ उडणाऱ्याला रेडिओवर बोलण्याचे बटण मुठीवर हवेच. त्यानंतर ट्रिम, मग ऑटोपायलट तोडण्याचे बटण. स्टार्टर तिथे नसावा, कारण चुकून दाबला गेला तर परिणाम गंभीर. रेडिओचे बटणही अडकले तर एरो कंट्रीसारख्या कंट्रोल टॉवर नसलेल्या ठिकाणी सगळ्यांचीच फ्रीक्वेन्सी अडवते.

मुठीवरचे छोटे स्विच थोडीच वीज पेलतात. ट्रिमची लहान मोटर त्यांच्यावर थेट चालू शकते. फ्लॅपच्या मोटरला रिले लागतो. दोन्ही स्टिकवर ट्रिम असेल आणि दोघांनी एकाच क्षणी उलट दिशांना दाबले, तर साध्या जोडणीत शॉर्ट सर्किट होते. तिथेही रिले किंवा ट्रिम कंट्रोलर हवा. ट्रिम आपोआप धावू लागली तर तिची वीज तोडणारा स्विच हाताशी असावा, आणि शेजारच्या प्रवाशाच्या मुठीवरची बटणे बंद करण्याची सोयही. ट्रिमचे बटण मागे दाबले की नाक वर, पुढे दाबले की खाली, हा संकेत. मोटरच्या तारा उलट जोडल्या गेल्या असतील तर ते जमिनीवरच, ट्रिम टॅबकडे पाहून कळले पाहिजे.

मूठ बसली की काम संपले, असेही नाही. ती नळीवर स्क्रूने पक्की नसेल तर हातात फिरते. स्टिकच्या तळाशी तारा प्रत्येक हालचालीबरोबर वाकतात. म्हणून तिथे बारीक पदरांच्या लवचीक तारा, थोडा सैल वळसा आणि छिद्राच्या कडेला रबराची बांगडी लागते. सुटलेली तार सांध्यात अडकली तर कंट्रोलच जाम होऊ शकते. दरवर्षीच्या अनिवार्य तपासणीत स्टिकच्या तळाचे आवरण (बूट) उघडून हा भाग पाहावा, आणि घासलेली तार टेप न गुंडाळता बदलावी.