दोन हुबळ्या, दोन तारखा



रोमन सत्तेच्या ऱ्हासावर बोलावे अशी सूचना चालकांनी केली, तेव्हा मी क्षणभर संकोचलो. मी भाषेचा अभ्यासक. इतिहास हे माझे क्षेत्र नव्हे. परंतु या विषयावरील गिबनच्या ग्रंथाचा पहिला खंड लंडनमध्ये प्रसिद्ध झाला तो १७७६ च्या फेब्रुवारीत आणि इकडे पुरंदरचा तह झाला तो त्याच वर्षी १ मार्चला, हे ध्यानात येताच संकोच गेला. रोम समजून घेण्यासाठी आपल्याला जुन्या हुबळीच्या वेशीपासून फार दूर जावे लागणार नाही.

साम्राज्ये कशी बुडतात, असे विचारले की आपल्याकडे एकच उत्तर ठरलेले असते : फितुरी. रोमच्या बाबतीत ‘रानटी टोळ्या’ हे उत्तर तसेच तयार असते. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि म्हणूनच मला ती पुरेशी वाटत नाहीत.

आधी रोमकडे पाहू. ३७८ मध्ये एड्रियानोपलच्या रणांगणावर गॉथांनी सम्राट व्हॅलेन्सला ठार केले. चार वर्षांनी, ३८२ मध्ये, थिओडोसियसने त्याच गॉथांना साम्राज्याच्या हद्दीत जमीन देऊन वसविले. मोबदल्यात त्यांनी रोमसाठी लढावयाचे होते. अशा लोकांना लॅटिनमध्ये ‘फेडेराटी’ म्हणत. ‘फेडुस’ म्हणजे तह, त्यावरून हा शब्द आला. ४१० मध्ये ज्याने रोम लुटले तो अलारिक असाच. एके काळी त्याने रोमन सेनापतिपद भूषविले होते आणि जमीन, वेतन व अधिकार यांविषयीचे त्याचे मागणे वर्षानुवर्षे अडून राहिले होते. पुढे ४३९ मध्ये व्हँडलांनी कार्थेज घेतले आणि पश्चिम साम्राज्याचा सर्वांत समृद्ध महसूल गेला. महसूल नाही म्हणून फौज नाही आणि फौज नाही म्हणून उरलेला महसूलही राखता येत नाही, अशा त्या चक्रात पश्चिमेची राजसत्ता सापडली.

आता आपल्या गावाकडे येऊ. १६७३ मध्ये मराठी फौजेने हुबळी लुटली, तेव्हा इथल्या इंग्रजी वखारीलाही झळ लागली. भरपाई मागण्यासाठी इंग्रज वकिलांना रायगड चढावा लागला होता. १७५५-५६ मध्ये मराठ्यांनी सावनूरच्या नबाबाकडून जुनी हुबळी घेतली. मध्ये ती हैदराकडे गेली आणि १७९० मध्ये पुन्हा मराठ्यांकडे आली. त्यानंतर भवानीशंकराच्या देवळाभोवतीची ही जुनी, रायर हुबळी पेशव्यांच्या वतीने फडके पाहू लागले आणि नवी हुबळी सांगलीकर पटवर्धनांकडे राहिली.

पटवर्धनांकडची ही व्यवस्था सरंजामाची होती. ‘सरंजाम’ हा फारसी शब्द. त्याचा मूळ अर्थ सामग्री, सिद्धता. फौजेच्या सिद्धतेसाठी जो मुलूख लावून दिला, त्यालाच पुढे सरंजाम म्हणू लागले. रोख पगार देण्याची ताकद नसलेल्या सरकारला ही सोय मोठी वाटते. पण जो महसूल वसूल करतो, तोच फौज बाळगतो आणि रयत त्यालाच धनी मानू लागते. गॉथांना दिलेली जमीन आणि सरदारांना दिलेला सरंजाम यांत भेद पुष्कळ आहेत. पटवर्धन हे काही परके नव्हेत. परंतु मध्यवर्ती सत्तेची मूठ सैल होण्याची रीत मात्र तीच आहे.

ती मूठ किती सैल झाली होती, हे १८०० मध्ये या परिसराने पाहिले. टिपूच्या पाडावानंतर श्रीरंगपट्टणच्या कैदेतून सुटलेल्या धोंडजी वाघाने इथे धुमाकूळ घातला. जूनअखेरीस पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले त्याच्याशी लढताना पडले. त्याचा बंदोबस्त केला तो पेशव्यांच्या अनुमतीने मुलखात शिरलेल्या आर्थर वेलस्लीने. १० सप्टेंबरला धोंडजी मारला गेला. चोर धरण्यासाठी शेजाऱ्याला घरात घेतले की त्याला घराच्या सगळ्या खोल्या कळतात!

दोनच वर्षांनी, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, वसईचा तह झाला. तैनाती फौजेच्या खर्चासाठी दुसऱ्या बाजीरावाने २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. त्या यादीत आपले शेजारी सावनूर आणि बंकापूरही होते. पुढल्याच वर्षी बुंदेलखंडाच्या बदल्यात ते परत आले, ही गोष्ट निराळी. इथे भाषेच्या माणसाला थोडे थांबू द्या. ‘तैनात’ म्हणजे चाकरीत असलेला. शब्दाप्रमाणे फौज पेशव्यांच्या चाकरीत. वस्तुतः तिच्या पहाऱ्यात पेशवे! सत्तेचा ऱ्हास पुष्कळदा प्रथम शब्दांत दिसतो. शब्द जागेवर राहतो आणि अर्थ निघून जातो.

माझ्या मते निर्णायक क्षण मात्र वसईचा नव्हे, १८१२ च्या पंढरपूरच्या कराराचा. पटवर्धनांचे सरंजाम बाजीरावाला डाचत होते. एल्फिन्स्टनने मध्यस्थी केली. सरदारांनी सनदेप्रमाणे चाकरी करावी, पेशव्यांनी त्यांच्या सरंजामाला हात लावू नये आणि या दोन्हींची हमी इंग्रजांनी घ्यावी, असे ठरले. सनद शनिवारवाड्याची, हमी रेसिडेन्सीची! सरदाराने संकटात कोणाकडे पाहावे, हे त्या दिवशी ठरून गेले. याला फितुरी म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. आपल्याच धन्याच्या भयाने ज्याला परक्याची हमी घ्यावी लागते, त्याच्या आधी धन्याला प्रश्न विचारले पाहिजेत.

त्यानंतरच्या घटना वेगाने घडल्या. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने धारवाड आणि आपल्या जवळचे कुसुगल गेले. युद्ध सुरू झाल्यावर मन्रोने मोजकी पलटण आणि इथल्याच रयतेतून उभे केलेले शिबंदी घेऊन हा मुलूख जिंकला. त्याने जागोजागी आपले अमलदार नेमले आणि वसुली हाती घेतली. किल्ल्याआधी चावडी, हे त्याचे धोरण होते. धोंडोपंतांचे पुतणे बापू गोखले २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीला धारातीर्थी पडले.

आणि दोन हुबळ्या? जुनी हुबळी इंग्रजांनी पेशव्यांकडून १८१७ मध्ये घेतली. नव्या हुबळीसाठी गोळी झाडावी लागली नाही. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांवर इंग्रजांसाठी स्वार पाठविण्याचे बंधन होते. त्यांना ती चाकरी नको होती. १८२० मध्ये त्यांनी तिच्या बदल्यात १,३५,००० रुपयांच्या उत्पन्नाचा मुलूख सोडून दिला. त्यात सत्तेचाळीस गावांसह नवी हुबळी गेली. चाकरी टाळून मान राखला आणि त्या मानाची किंमत म्हणून हे शहर दिले. मला या व्यवहाराचा राग येत नाही, खेदच होतो. फौजेच्या खर्चासाठी दिलेला मुलूख, फौज द्यायची नाही म्हणून परत गेला. फक्त तो पुण्याला न जाता कंपनीकडे गेला.

४७६ मध्ये ओडोएसरने शेवटचा पश्चिमी सम्राट रोम्युलस ऑगस्टुलस याला पदच्युत केले. तो कोवळा मुलगा होता. त्याला मारले नाही. वर्षाला ६,००० सुवर्णनाणी लावून देऊन कँपानियात धाडले आणि राजचिन्हे कॉन्स्टँटिनोपलला पाठविली. बाजीराव ३ जून १८१८ ला माल्कमच्या स्वाधीन झाले. त्यांना वर्षाला आठ लाख रुपये आणि ब्रह्मावर्त मिळाले.

नावे मात्र रेंगाळतात. जिंकलेल्या या कानडी मुलखाला इंग्रज ‘दक्षिण मराठा देश’च म्हणत राहिले. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या रेल्वे कंपनीचे नाव त्यावरूनच सदर्न मराठा रेल्वे असे पडले. १९०८ मध्ये ती मद्रास कंपनीशी जोडली गेली. १९५१ मध्ये ते नाव संपले, तरी माझ्या लहानपणी वडीलधारी माणसे हुबळीच्या गाडीला ‘एम. एस. एम.’च म्हणत. त्यातला दुसरा ‘एम’ कशाचा, हे मी कोणाला विचारले नाही.