घड्याळावर हरलेला डाव

प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर अकरावीतला एक विद्यार्थी माझ्याजवळ आला. चेहरा रागाने लाल झालेला. "सर, काल माझ्याकडे हत्ती होता. समोरच्याकडे राजा आणि एकच प्यादे. तरी मी हरलो! तो नुसता राजा इकडून तिकडे फिरवत राहिला आणि माझी वेळ संपली. ही काय जिंकण्याची रीत झाली?"

डाव मोबाइलवरचा, तीन मिनिटांचा होता. म्हणजे प्रत्येकाला पूर्ण डावासाठी १८० सेकंद. त्याच्यावर अन्याय झाला का, हे ठरविण्यापूर्वी घड्याळ पटाशेजारी आले कसे ते पाहू.

एके काळी बुद्धिबळात वेळेला बंधन नव्हते. एकेका चालीवर खेळाडू तासन् तास बसून राहत, आणि प्रतिस्पर्धी कंटाळून चूक करी. १८८३ च्या लंडन येथील स्पर्धेत तराजूसारख्या दांडीवर बसविलेली दोन घड्याळे वापरली गेली. एक बाजू खाली दाबली की ते घड्याळ थांबे आणि दुसरे सुरू होई. म्हणजे घड्याळ आले ते खिलाडूपणा राखण्यासाठीच! तेव्हापासून वेळ ही हत्ती-घोड्यांसारखीच खेळाडूची मालमत्ता झाली. आमच्या विद्यार्थ्याने हत्ती राखला, पण त्यासाठी सेकंद खर्चून टाकले.

नियम मात्र आंधळा नाही. फिडे या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे एकाची वेळ संपली तरी, समोरच्याला कोणत्याही नियमबद्ध चालींनी मात करणे शक्यच नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. समोर एकटा राजा असता तर आमचा विद्यार्थी वाचला असता. पण प्याद्याचा वजीर होऊ शकतो! २००८ साली नालचिक येथे महिलांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मोनिका सोच्को आणि सबिना फोइशोर यांच्या निर्णायक डावात दोघींकडे राजा आणि एकेक घोडा उरला असता फोइशोरची वेळ संपली. पंचांनी आधी बरोबरी दिली. सोच्कोने दाद मागितली. अशा स्थितीत मात होणे जवळजवळ अशक्य, पण अगदीच अशक्य नाही. तिला विजयी ठरविण्यात आले.

आता भौतिकशास्त्राकडे वळू. पटावर समोरासमोर बसलेल्यांना ठाऊक नसलेली एक गळती मोबाइलवरच्या डावात असते. समजा, डाव चालविणारा संगणक फ्रान्समध्ये आहे. मुंबईपासून तो सुमारे ७,००० किलोमीटर दूर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो (काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हे आठवा). जाऊन-येऊन १४,००० किलोमीटर, म्हणजे ०.०७ सेकंद. ही झाली सरळ रेषेतली किमान वेळ. समुद्रातल्या तारेची वळणे, वाटेतली यंत्रे आणि गावाबाहेरचा तो मोबाइलचा मनोरा धरून चालीमागे ०.२ सेकंद धरू. ६० चालींत १२ सेकंद गेले. मनोरा दूर असेल आणि हा विलंब ०.५ सेकंद झाला, तर ३० सेकंद. म्हणजे १८० पैकी सहावा हिस्सा विचार न करताच खर्च! काही संकेतस्थळे हा विलंब मोजून काही मर्यादेपर्यंत भरून देतात, पण सगळा नाही.

त्यात आपल्या हाताचा वेग. मित्राला फूटपट्टी उभी धरून सोडायला सांगा आणि दोन बोटांनी पकडा. ती २० सेंटिमीटर घसरली, तर तुमचा प्रतिसाद-काल सुमारे ०.२ सेकंद. म्हणून चलाख खेळाडू 'प्रीमूव्ह' करतात. समोरची चाल येण्याआधीच आपली चाल देऊन ठेवतात. वेळ जवळजवळ शून्य लागते, पण अंदाज चुकला तर वजीर फुकट जातो.

यावर खरा तोडगा बॉबी फिशरने काढला. प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचे पेटंट त्याला १९८९ साली मिळाले, आणि १९९२ साली स्पास्कीविरुद्ध तो त्याच घड्याळावर खेळला. तीन मिनिटे अधिक चालीमागे दोन सेकंद असा डाव घेतला, तर ६० चालींत १८० चे ३०० सेकंद होतात. तारेतली गळती भरून निघते आणि वर हात हलवायला वेळ उरतो. अर्थात घड्याळाची भीती जात नाही. २०२५ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना जलद डावांत ठरला. चालीमागे वाढीव सेकंद असूनही कोनेरू हंपी वेळेच्या ओढाताणीत चुकली आणि नागपूरची दिव्या देशमुख जिंकली.

तेव्हा वाढीव वेळ नसलेला डाव स्वतः निवडायचा आणि मग समोरच्याने राजा फिरवला म्हणून रडायचे, हे मला पटत नाही. खिलाडूपणाचा भंग निराळाच असतो. मात दिसू लागताच मोबाइल बाजूला ठेवून उरलेली दोन मिनिटे समोरच्याला ताटकळत ठेवणे, किंवा त्याने विचार करू नये म्हणून पुन्हापुन्हा बरोबरीचा प्रस्ताव पाठविणे, हा तो भंग. याच्या उलट, लीचेस या संकेतस्थळावर प्रतिस्पर्ध्याला १५ सेकंद बहाल करण्याचे बटण आहे! समोरच्याचे जाळे तुटलेले दिसले की काही जण ते दाबतातही.

आमचा विद्यार्थी आता तीन अधिक दोनचेच डाव घेतो. परवा पुन्हा त्याच्याकडे राजा आणि हत्ती, समोर या वेळी एकटा राजा. अचूक खेळल्यास ही मात जास्तीत जास्त १६ चालींत होते. त्याच्या ५० चाली झाल्या, मात झाली नाही, आणि डाव नियमाने बरोबरीत सुटला. घड्याळात ४१ सेकंद शिल्लक होते.