काडीमोडीचा कागद पेटीत, वारस वाऱ्यावर

या पानावर आपली गाठ पडते ती बीजप्रक्रिया नाहीतर ठिबकच्या निमित्तानं. आजचा विषय निराळा, पण आमच्याच कामातून निघालेला.

गेल्या पावसाळ्यात एका गावात मोटार चालू करायला गेलेला तरणा शेतकरी शॉक लागून गेला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत अशा घराला दोन लाख रुपये मिळतात, म्हणून प्रस्तावाची कागदपत्रं सांगायला गेलो. बाई दोन लेकरं घेऊन ओट्यावर बसलेली. वारस नोंदीचं नाव काढताच पोलीस पाटलांनी घसा खाकरला. "साहेब, ही दुसरी. पहिली माहेरी असते. पण तिची काडीमोड झालीय, कागद आहे."

कागद पेटीतून निघाला. शंभराचा स्टॅम्प, नवरा-बायकोचे अंगठे, पाच पंचांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का. त्या पाचांतला एक जण तिथंच बसला होता.

मंडळी, हा कागद कोर्टात टिकत नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानं लग्न मोडायला कोर्टाचा हुकूमनामाच लागतो. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल तर कलम 29 ती मानतं. पण ती पुराव्यानं शाबीत करावी लागते, शिक्क्यानं नव्हे. म्हणजे माहेरची पहिलीच पत्नी अन् वारस. जी आठ वर्षं त्याच्याबरोबर रानात राबली, तिचं नाव पत्नी म्हणून सातबाऱ्यावर लागत नाही. लेकरांना मात्र बापाच्या मिळकतीत हक्क आहे. वडिलोपार्जित जमिनीतल्या बापाच्या हिश्शातही तो आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2023 साली स्पष्ट केलं. हे ऐकून बाई काही बोलली नाही. धाकट्याचं नाक पुसत बसली.

मग करायचं काय? दोघंही राजी असतील तर संमतीचा घटस्फोट आहे. किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, अर्ज दोघांनी मिळून करावा. त्यानंतर सहा महिने थांबावं लागतं. 2017 च्या निकालापासून कोर्ट परिस्थिती बघून ही मुदत माफही करू शकतं. एकच जण राजी असेल तर छळ, सोडून जाणं अशी कारणं शाबीत करावी लागतात. तो रस्ता लांबचा.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" हे तर मी बांधाबांधावर ऐकतो. तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. 1987 च्या कायद्यानं बाईमाणसाला तिथून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसंच. इतर पुरुषांना उत्पन्नाची अट आहे. फोनवर विचारायचं तर 15100. जाताना लग्नाची पत्रिका किंवा फोटो, आधार, रेशनकार्ड, मुलांचे दाखले अन् नवऱ्याच्या जमिनीचे सातबारा, आठ-अ घेऊन जा. पोटगी ठरवताना ते उतारे कामाला येतात. आणि पोटगीचा अर्ज बाई राहते तिथल्या, म्हणजे माहेरच्या कोर्टातही करता येतो. पूर्वीचं कलम 125 आता 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 144 झालंय, एवढाच फरक.

सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष यांना एक विनंती. बैठक जरूर बसवा, भांडण मिटलं तर सोन्याहून पिवळं. पण मिटत नसेल तर स्टॅम्प आणायला पोरगं पिटाळू नका, दोघांना तालुक्याला धाडा.

हे सांगायचा मला फारसा अधिकार नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी बैठकीला बसलो असता पंचांनी "साहेब, तुमचीही सही असू द्या" म्हटलं अन् मी तशाच एका कागदावर सही ठोकली. चहाही प्यालो. अपघाताचं ते प्रकरण बघितल्यावर झोप लागेना, म्हणून त्या दोघांच्या घरी वेगवेगळा जाऊन आलो. नवऱ्याचं दुसरं लग्न ठरायच्या बेतात होतं. गेल्या महिन्यात दोघंही विधी सेवा समितीत जाऊन आले, संमतीचा अर्ज दाखल झालाय. सोयरीक तूर्त थांबवली आहे.

अपघाताचा तो प्रस्ताव मात्र वारसाच्या वादात अजून तसाच पडून आहे.