काचेपलीकडचा मासा: साध्या कॅमेऱ्याने स्पष्ट फोटो कसा घ्यावा

मंडळी, मासे पाळणारे आम्हाला फोटो पाठवतात, त्यांत एक प्रश्न वारंवार येतो. गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतायत, औषध कुठलं टाकू? आता या ठिपक्यांचे अर्थ निरनिराळे होतात. ‘इक’ हा रोग असू शकतो. त्यात इक्थिऑफ्थिरियस नावाचा परजीवी असतो आणि अंगावर, परांवर बारीक मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. पण वयात आलेल्या नर गोल्डफिशला विणीच्या काळात कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढऱ्या टणक पुटकुळ्या येतात. तो रोग नव्हे, मासा ठणठणीत असतो. आणि कधी कधी माशाच्या अंगावर काहीच नसतं, ठिपके फक्त फोटोत असतात! पाण्यातल्या कणांवर फ्लॅश चमकलेला असतो. फोटो धूसर असला की यातलं काय खरं ते आम्हाला सांगता येत नाही. तोवर घाबरलेला मालक टाकीत मॅलॅकाइट ग्रीन ओतून मोकळा झालेला असतो. त्याचं प्रमाण चुकलं तर निरोगी मासाही दगावतो.

म्हणून स्पष्ट फोटो. त्यासाठी महाग कॅमेरा लागत नाही, कारण खरी अडचण काचेपाशी आहे. खोलीत उजेड असला की काच आरशासारखी वागते आणि फोटोत मासा कमी, आपला शर्ट जास्त येतो. तेव्हा फोटो रात्री घ्यावा. खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले, फक्त टाकीचा दिवा चालू. अंगात गडद कपडे असले तर उत्तम.

कॅमेरा काचेला अगदी समोरासमोर धरायचा, तिरका नाही. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, हवेचा जवळपास १. त्यामुळे पाण्यातून बाहेर येणारा किरण वाकतो. सरळ बघितलं तर त्याचा त्रास फारसा नाही, पण तिरकं बघितलं की माशाच्या कडा फिसकटतात, रंगांची किनार दिसू लागते. गोल भांड्याची तर काचच वाकडी, तिथे मासाही वाकडाच दिसणार. (गोल भांड्यात गोल्डफिश ठेवूच नये, पण ते वेगळं व्याख्यान आहे.)

फ्लॅश बंद ठेवा. समोरून मारलेला फ्लॅश काचेवरून परत येतो, पाण्यातला प्रत्येक कण उजळवतो आणि मासा दचकतो ते वेगळंच. पण फ्लॅश बंद केला की उजेड कमी पडतो, शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि पोहणारा मासा पुसट येतो. शटरचा वेग निदान १/१२५ सेकंद तरी हवा. साध्या कॅमेऱ्यात तो आकडा ठरवता येत नाही, पण धावणाऱ्या माणसाचं चिन्ह असलेला मोड असतो, तो वापरा. शिवाय वरून उजेड वाढवा. टाकीच्या काचेच्या झाकणावर, पुढच्या बाजूला, एखादा टेबललॅम्प खाली तोंड करून ठेवला की खूप फरक पडतो. झाकण नसेल तर हा उद्योग करू नका. उघड्या पाण्यावर विजेचा दिवा नको. काही एलईडी दिव्यांखाली फोटोत आडवे काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. तेव्हा दिवा बदलून बघावा.

काच आतून घासायची तर आदल्या दिवशी, म्हणजे उडालेला गाळ खाली बसतो. बाहेरून नुसतं ओलं फडकं पुरे, फवाऱ्याचं क्लीनर टाकीजवळ नको. फोटोपुरता हवेचा पंप बंद करा, कारण बुडबुडेसुद्धा पांढरे ठिपकेच दिसतात. नंतर तो आठवणीने चालू करा.

मग बसायचं. माशाच्या मागे कॅमेरा फिरवत बसलं तर हाती काही लागत नाही. मासा ठरावीक ठिकाणी वळतो, तिथे पुढच्या काचेजवळ एखादं पान असेल तर त्यावर अर्धं बटण दाबून फोकस धरून ठेवा आणि मासा पानाच्या अंतरावर आला की पूर्ण दाबा. फुलाचं चिन्ह असलेला जवळचा मोड लावा, झूम मात्र करू नका. निऑन टेट्रा असेल तर दिवा लावल्या लावल्या घाई नको. अंधारात त्याचा रंग फिका पडतो, तो परत यायला वेळ लागतो.

आजारासाठी फोटो असेल तर एक आडवा, पूर्ण माशाचा. एक कल्ल्यांच्या झाकणाचा, जवळून. एक वरून, कारण पोट फुगून खवले उभे राहिलेत का, ते वरूनच नीट कळतं. आणि आडवे फोटो लागोपाठ तीन-चार घ्या. प्रत्येक फोटोत त्याच खवल्यावर दिसतो तो ठिपका माशाचा. जागा बदलतो तो पाण्यातला.

(श्रोत्यांतून प्रश्न: मोबाइलवर काढला तर चालेल का?)

चालेल की. दोन बोटांनी मोठं करून काढू नका, त्याने तपशील वाढत नाही. काचेजवळ जाऊन काढा आणि नको तो भाग नंतर कापा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर इतक्या खटपटीने टिपलेली पुटकुळी वाटेतच पुसट होते आणि आम्ही पुन्हा तुमच्याकडे फोटो मागतो.