फिरतीचे न्यायाधीश

गिरगावातील ‘प्रार्थना समाज’ या थांब्यावर रोज चढउतार करणाऱ्या मंडळींना त्या समाजाचे एक धुरीण महादेव गोविंद रानडे हे सुधारक, अर्थचिंतक आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म्हणून ठाऊक असतात. परंतु त्या उच्चासनावर बसण्यापूर्वी हा पुरुष कित्येक वर्षे तालुक्यातालुक्यांतून न्यायकचेऱ्यांची दप्तरे तपाशीत हिंडत होता, याचे स्मरण फारसे कोणी ठेवीत नाही.

१८४२ साली निफाडास जन्मलेले रानडे मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत शिकले, तेथेच काही काळ शिकवू लागले आणि १८७१ मध्ये पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश झाले. वासुदेव बळवंतांच्या बंडानंतर सरकारची रानड्यांवर वक्रदृष्टी वळली. त्यांची धुळ्यास बदली झाली आणि तेथे त्यांची पत्रेही फोडून पाहिली जात. पुढे १८८१ मध्ये मुंबईस अल्पकाळ प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे काम केल्यावर ज्या कामी त्यांची नेमणूक झाली, त्याचे मूळ मात्र सुप्याच्या बाजारात होते.

मे १८७५ मध्ये सुप्यास कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठून कर्जरोखे जाळले आणि तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. चौकशीअंती १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, नगर व सोलापूर या चार जिल्ह्यांस लागू करण्यात आला. तोपर्यंत रोख्यावर कुळाचा अंगठा असला की हुकूमनामा बहुधा ठरलेला. आता न्यायाधीशाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हा व्यवहाराचा सारा इतिहास आरंभापासून उकलावयाचा होता. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास कैदेत टाकण्याची वाटही बंद झाली. मात्र अशा दाव्यांत अपिलाची सोय नव्हती, आणि त्या उणिवेची भरपाई म्हणून खास न्यायाधीशाने स्वतः फिरून मुनसफांचे निवाडे तपासावेत व चुकलेले दुरुस्त करावेत, अशी योजना होती. रानडे प्रथम या खास न्यायाधीशाचे साहाय्यक झाले आणि पुढे, मध्यंतरी पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे काम पाहून, स्वतःच त्या पदावर आले.

खरे सांगावयाचे तर कायदा सर्वस्वी यशस्वी झाला नाही. सावकार काही बावळे नव्हते, त्यांनी गहाणखताऐवजी कुळाकडून थेट खरेदीखत लिहून घेण्याची युक्ती काढली. तरी कागदाहून व्यवहार मोठा मानण्याची जी सवय या कामाने रानड्यांस लागली असावी, तिचे प्रतिबिंब मला त्यांच्या अर्थशास्त्रावरील व्याख्यानांत स्पष्ट दिसते: विलायतेतील सिद्धांत जसेच्या तसे येथे लागू पडत नाहीत, हा १८९२ मधला त्यांचा आग्रह नुसत्या ग्रंथवाचनातून उपजलेला नव्हे, त्यामागे चार जिल्ह्यांची दप्तरे होती.

काशीनाथ त्रिंबक तेलंगांच्या अकालमृत्यूने रिकाम्या झालेल्या जागी नोव्हेंबर १८९३ मध्ये ते उच्च न्यायालयात आले आणि १६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईतच निवर्तले. त्यांच्या फिरतीच्या संसाराची हकीकत रमाबाईंनी १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात सांगितली आहे. ज्या वाचकास रानडे केवळ पुतळ्यावरून ठाऊक आहेत, त्याने ते अवश्य मिळवून वाचावे.